साथीच्या रोगाचा शहरातल्या तरुण मुलांवर आणि मुलींवर वेगवेगळा परिणाम होतो का?

होतो, आणि कोरोनात गोव्यात तो डोळ्यांदेखत दिसला. आजाराचं म्हणाल तर मृतांमध्ये पुरुष जास्त होते. पण तरुणांना खरा फटका बसला तो पोटावर.

मार्च २०२० मध्ये मांडवीतले कॅसिनो आणि कळंगुटची हॉटेलं बंद झाली, तेव्हा मुलगे-मुली दोघंही घरी बसले. पुढे बरेच मुलगे दुचाकी काढून जेवणाची पार्सलं पोचवायला लागले. मुलींना बहुतेक घरांत ती मुभा नव्हती. त्यात शाळा बंद! म्हणजे धाकट्याचा मोबाईलवरचा वर्ग, आजीची औषधं, तिन्ही वेळची भांडी, सगळं तिच्याच गळ्यात. मग पणजीतली मुलगी असो की म्हापशातली. देशभरातही बायकांची गेलेली कामं उशिरा परत आली. टाळेबंदीत राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरगुती छळाच्या तक्रारी वाढल्या, ते वेगळंच.

मुलग्यांचं सुखात चाललं होतं असंही नाही. क्रूझवर कामाला गेलेले कितीतरी गोंयकार बोटींवरच अडकले. परतल्यावर पुढचं बोलावणं कधी येईल ते कुणीच सांगेना. ज्यांनी कर्ज काढलं होतं, त्यांचे हप्ते फक्त पुढे ढकलले गेले, व्याज चढतच राहिलं. आणि हे मुलगे घरात त्याबद्दल तोंडही उघडत नाहीत.