सीआरएलएच पॅचचे बँड तयार बोर्डवर वर सरकले, तर गॅप कमी करावी का?

सीआरएलएच (कंपोझिट राइट/लेफ्ट-हँडेड) पॅच म्हणजे तांब्याच्या सेलांचा अँटेना: सेलांमध्ये बारीक गॅप, आणि प्रत्येक सेल व्हियाने, म्हणजे तांब्याचा थर दिलेल्या छिद्राने, खालच्या ग्राउंडला जोडलेला. तुमच्या तीन बँडच्या पॅचमध्ये −1 आणि 0 मोड (−1, 0, +1 हे त्याचे तीन रेझोनन्स, प्रत्येकाचा एक बँड) सिम्युलेशनपेक्षा सुमारे 6 टक्के वर गेलेत, +1 किंचितच हललाय, आणि तुम्ही सेलांमधली गॅप कमी करायला निघालात. गॅपला हात लावू नका. कडा ओपन असलेल्या पॅचमध्ये 0 मोड ठरतो तो व्हियाचा इंडक्टन्स आणि सेलखालचा कपॅसिटन्स यांवर. गॅपचा त्यात वाटा नाही, सेल किती आहेत याचाही नाही. एचिंगमध्ये गॅप रुंदावली असती तर −1 आणि +1 वर गेले असते, 0 जागेवर राहिला असता. तुमचा 0 हललाय. मी आधी व्हियाच तपासेन.

हिशोब करून पाहा. 10 × 10 मिमीचा सेल, 1.57 मिमी जाडी, डायइलेक्ट्रिक स्थिरांक 2.2 घेतला तर सेलखाली साधारण 1.24 पिकोफॅरड. व्हिया 0.5 मिमीचा धरला तर 0.395 नॅनोहेन्री, म्हणजे 0 मोड 7.2 गिगाहर्ट्झला. पण ड्रॉइंगवरचे 0.5 हे प्लेटिंगनंतरचे, म्हणजे आत तांब्याचा थर चढल्यावर उरलेले छिद्र असते. त्यासाठी ड्रिल मोठे लागते, समजा 0.6. करंट वाहतो तो तांब्याच्या बाहेरच्या, सब्स्ट्रेटला (बोर्डच्या डायइलेक्ट्रिक थराला) टेकलेल्या पृष्ठभागावरून. इंडक्टन्स 0.35 वर येतो आणि मोड 7.6 वर जातो. हेच तुमचे 6 टक्के. फ्रिंजिंग (सेलच्या कडेबाहेर पसरणारे विद्युतक्षेत्र) धरले की दोन्ही आकडे खाली येतील, फरक मात्र साधारण तेवढाच राहील.

म्हणून मॉडेलमध्ये ड्रिलचा व्यास टाका, आणि व्हियाला चौकोनी खांब करू नका, निदान अष्टकोन तरी ठेवा. पुढच्या पॅनेलवर तोच पॅच 0.4, 0.5 आणि 0.6 अशा तीन ड्रिलने करून घ्या. हातातला बोर्ड वाचवायचा असेल तर सेलच्या बाहेरच्या कडेला तांब्याची पट्टी सोल्डर करा, 0 मोड खाली येईल. पट्टी गॅपवर मात्र जाऊ देऊ नका. बारीक व्हियाने 0 मोडची बँडविड्थही वाढते, पण या जाडीत 0.2 मिमीचे ड्रिल म्हणजे जाडी आणि छिद्राचे प्रमाण जवळपास 8:1, ते जमेल का हे बोर्ड बनवणाऱ्याला आधी विचारा.

आता एक गोष्ट, जिच्यावरून मी वर्षानुवर्षे भांडत आलोय. एस11 मध्ये (अँटेनाकडून परत येणाऱ्या सिग्नलच्या आलेखात) 10 डीबीचा खड्डा दिसला म्हणजे अँटेना झाला, असे नाही. 50 ओहमचा रेझिस्टरही उत्तम मॅच होतो. −1 मोडचा रेडिएशन क्यू 100 आहे असे धरा (क्यू जितका कमी, तितकी त्या वाटेने ऊर्जा जास्त जाते). एफआर-4 या नेहमीच्या ग्लास-इपॉक्सी बोर्डचा लॉस टँजंट (सब्स्ट्रेट किती ऊर्जा खातो त्याचे माप) 0.02, म्हणजे डायइलेक्ट्रिकचा क्यू 50. कार्यक्षमता 33 टक्के, तांब्याचा लॉस अजून धरलेलाच नाही. लॉस टँजंट 0.0009 असलेल्या सब्स्ट्रेटवर तोच मोड 90 च्या पुढे जातो. व्हीलर कॅप (रेडिएशन थांबवायला अँटेनावर ठेवायचे धातूचे झाकण) वापरून कार्यक्षमता मोजल्याशिवाय बँड मोजणीत धरू नका. शिवाय 0 मोडचा पॅटर्न मोनोपोलसारखा, समोर नल, म्हणजे सिग्नल जवळपास शून्य. ±1 समोर फेकतात. तिन्ही बँड एकाच दिशेला हवे असतील तर ही रचनाच चुकीची आहे.

ग्राउंड लहान असेल तर मोजताना केबल मुठीत धरून पाहा. खड्डा हलला तर केबलच रेडिएट करतेय. केबलवर फेराइट लावा आणि पुन्हा मोजा.

आणि बोर्ड एफआर-4 चा असेल तर डायइलेक्ट्रिक स्थिरांक धरल्यापेक्षा जास्त निघून 0 मोड खाली ओढला जाऊ शकतो. अशा वेळी व्हियाची चूक झाकली जाते आणि पहिला बोर्ड बरोबर आल्यासारखा वाटतो.