‘इंग्लिश कच्चं आहे’ म्हणजे नेमकं काय चुकतं?

सॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन अमेरिकेला शिकायला जाऊ पाहणाऱ्या मुलांचे आईवडील समोर बसले की एक वाक्य हमखास येतं: “मॅडम, गणिताची काळजी नाही हो, इंग्लिश कच्चं आहे.” सेमी-इंग्रजीतून आलेल्या मुलांच्या घरी हे इतक्या वेळा बोललं जातं की मूलही तेच मनाशी धरून बसतं. म्हणून अशाच एका मुलीबद्दल लिहिते. तिची ओळख बदलली आहे, काळजी तीच.

नाशिकची, अकरावी सायन्सची. सराव चाचणीत गणित उत्तम, ‘रीडिंग अँड रायटिंग’ या इंग्रजीच्या विभागात मागे. आईचा पहिलाच प्रश्न, “हिला इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावू का?”

मी मुलीकडे वळले. “काय काय चुकतं तुझं?”

“सगळंच.”

“चल, चुकलेले प्रश्न उघडून बघू.”

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानते. स्वतःला लावलेलं लेबल नुसता धीर देऊन निघत नाही, त्याच्यासमोर पुरावा ठेवावा लागतो. या विभागात ५४ प्रश्न असतात: २७-२७ चे दोन भाग, प्रत्येकाला ३२ मिनिटं. त्यांतले ११ ते १५ व्याकरण आणि विरामचिन्हांचे, ८ ते १२ वाक्यं जोडणाऱ्या शब्दांचे व दिलेल्या टिपणांवरून योग्य वाक्य निवडायचे, बाकीचे उतारे समजून घ्यायचे. तिच्या चुका या प्रकारांत वाटून लिहिल्या, तेव्हा उताऱ्यांचे प्रश्न बहुतेक बरोबर निघाले. व्याकरणातल्या चुका जवळजवळ सगळ्या एकाच जागी होत्या: एक वाक्य कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं.

त्यातलं एक वाक्य असं होतं: ‘द आर्टिस्ट फिनिश्ड द म्यूरल इन अ वीक, हाऊएव्हर, द पेंट टूक अ मंथ टू ड्राय.’ तिने हाऊएव्हरच्या आधी स्वल्पविराम निवडला होता.

“का निवडलास?”

“वाचताना बरोबर वाटलं.”

“वाचू नकोस. शाळेत वाक्यपृथक्करण करायचीस ना? तसं कर. क्रियापदं शोध.”

फिनिश्ड, टूक. दोघांचे कर्ते वेगळे. ती थांबली. “मॅडम, ही तर दोन केवल वाक्यं आहेत. मधे उभयान्वयी अव्यय हवं.”

“हाऊएव्हर आहे की.”

तिने तो शब्द उचलून ‘द पेंट’च्या पुढे ठेवून पाहिला: ‘द पेंट, हाऊएव्हर, टूक अ मंथ.’ वाक्य शाबूत. मग त्याच जागी ‘बट’ ठेवला, वाक्य मोडलं. “हा सरकतो. म्हणजे हा जोडत नाहीये. आपल्या ‘मात्र’सारखा आहे.”

अर्धविराम तिने स्वतःच घातला. हा क्षण मला फार मोलाचा वाटतो. ज्या मराठी व्याकरणामुळे आपण मागे पडलो असं तिला वाटत होतं, त्यातलीच केवल, मिश्र, संयुक्त वाक्यांची समज तिला उत्तरापर्यंत घेऊन गेली. उलट ज्यांना इंग्रजी ‘कानाने’ येतं, ती मुलं नेमकी इथेच फसतात, कारण बोलताना स्वल्पविराम आणि अर्धविराम सारखेच ऐकू येतात.

पुढचं काम मग सरळ झालं. लांब याद्या सोडल्या तर अर्धविरामाच्या दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य हवं. अपूर्णविरामाच्या (कोलनच्या) आधी पूर्ण वाक्य हवं, नंतर काहीही चालतं: यादी, एखादा शब्द, खुलासा. मधे घातलेली जादा माहिती दोन स्वल्पविरामांत किंवा दोन डॅशमध्ये बसते. एका बाजूला हा आणि दुसऱ्या बाजूला तो, असं चालत नाही. नुसतं ‘इंग’ लागलेलं रूप क्रियापद धरायचं नाही: ‘द स्टुडंट्स वॉकिंग होम’ म्हणजे ‘घरी जाणारी मुलं’, वाक्य अजून व्हायचंच आहे. ‘द बॉक्स ऑफ ओल्ड लेटर्स’मध्ये ‘ऑफ’पासूनचा भाग बोटाने झाकावा, क्रियापद ‘बॉक्स’प्रमाणे एकवचनी येतं. हे सगळं पर्याय बघण्याआधी करायचं. पर्याय आधी बघितले की कान पुन्हा पुढे येतो.

जोडशब्दांच्या प्रश्नातही तेच. आधीचं आणि नंतरचं वाक्य वाचून नातं मराठीत मनाशी म्हणायचं: म्हणून, पण, शिवाय, उदाहरणार्थ. मगच पर्याय. ‘देअरफोर’ आणि ‘कॉन्सिक्वेन्टली’ दोन्ही असतील तर दोन्ही सहसा बाद, कारण दोघांचा अर्थ तोच आणि बरोबर उत्तर एकच असतं. टिपणांच्या प्रश्नात आधी शेवटी दिलेला हेतू वाचावा. चारही पर्याय खरी माहितीच सांगत असतात, पण तो हेतू पुरा करणारा एकच.

वेळेचं म्हणाल तर प्रत्येक भागात व्याकरण आणि जोडशब्द उत्तरार्धात येतात, आणि दमलेली मुलं तिथे घाई करतात. भागाच्या आत मागेपुढे जाता येतं, म्हणून या मुलीने व्याकरणापासून सुरुवात करून बघितली; तिला ते मानवलं. सगळ्यांना मानवेलच असं नाही, सरावातच ठरवावं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा प्रश्न कोरा सोडू नये. पहिला भाग कसा गेला यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, म्हणून सुरुवातीला निष्काळजीपणा महागात पडतो.

चुकांच्या वहीत ‘सिली मिस्टेक’ लिहायला मी बंदी घातली. त्याऐवजी लिहायचं: कर्ता चुकीचा धरला, सरकणारा शब्द ओळखला नाही, एकच डॅश घातला. कारण लिहिलं की दुसऱ्या दिवशी त्याच प्रकारचे दहा प्रश्न सोडवता येतात. सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेच्या प्रश्नपेढीत प्रकार निवडून ते फुकट मिळतात. ब्लूबुक या त्यांच्या परीक्षेच्या ॲपमधल्या पूर्ण चाचण्या मात्र मोजक्या असतात. एक आत्ता द्यावी आणि निदान दोन शेवटच्या महिन्यासाठी न उघडता ठेवाव्यात.

स्पीकिंगचा क्लास लावला नाही. अमेरिकेत गेल्यावर बोलायला तो उपयोगी पडेल, पण या परीक्षेत अर्धविराम घालायला नाही, एवढं आईला समजावलं.