कामगार सल्ला : ‘ले-ऑफ’च्या कागदावर सही करण्याआधी

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागमधल्या फौंड्रीत अकरा वर्षं मोल्डिंगला आहे. अमेरिकेला जाणारं कास्टिंग थांबलं म्हणून आमची शिफ्ट घरी बसवलीय. परदेशी व्यापारामुळे काम गेलं तर सरकार पैसे देतं, असा मेसेज फिरतोय. आम्हाला मिळतील का? कंपनी एका कन्नड कागदावर सही मागतेय.
– एक वाचक, मजगाव

उत्तर : तो मेसेज अमेरिकेतल्या योजनेचा दिसतो. तिथल्या १९७४ च्या व्यापार कायद्याखाली आयातीमुळे नोकरी गेलेल्यांना प्रशिक्षण आणि भत्ता मिळायचा. १ जुलै २०२२ पासून तिथेही नवे अर्ज बंद आहेत. आपल्याकडे ऑर्डर कुठल्या देशाची बुडाली हे कोणी विचारत नाही. काम कसं गेलं, एवढंच पाहतात. म्हणून तो कागद कन्नड वाचता येणाऱ्या आपल्या माणसाकडून शब्द न् शब्द वाचून घ्या. त्यात ‘राजीनामे’ हा शब्द असेल तर सही करू नका. कन्नडमध्येही राजीनाम्याला तोच शब्द आहे.

कागद ले-ऑफचा, म्हणजे तात्पुरतं घरी बसवण्याचा असेल तर नोकरी शाबूत आहे. कारखान्यात ५० किंवा जास्त कामगार असतील, वर्षात तुमचे २४० दिवस भरले असतील आणि नाव मस्टरवर असेल, तर बेसिक आणि डीएच्या निम्मे पैसे मिळतात. त्यासाठी ठरलेल्या वेळी गेटवर हजेरी लावावी लागते. ‘बोलावतील तेव्हा जाऊ’ म्हणून घरी राहिलेल्यांचे दिवस इथेच बुडतात.

कायमचं कमी केलं, म्हणजे कपात झाली, तर दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. तुमचे १६५ दिवस होतात. एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार वेगळा. ग्रॅच्युइटीही वेगळी : बेसिक-डीए १६,००० असेल तर १६,००० × १५ ÷ २६ × ११, म्हणजे सुमारे १,०१,५३८ रुपये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगाराला आणखी १५ दिवसांचं वेतन पुनर्कौशल्य निधीतून द्यायचं आहे, तेही ४५ दिवसांत. हिशेबाच्या कागदात ही ओळ दिसली नाही तर लेखी विचारा.

सरकारी भत्ता म्हणाल तर तो ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा : अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ले-ऑफवर असताना तो नाही. नोकरी सुटल्यावर ३० दिवसांनी अर्ज करायचा. आधीची दोन वर्षं विमा हवा. एप्रिल-सप्टेंबर आणि ऑक्टोबर-मार्च असे सहामाही टप्पे धरतात; शेवटच्या टप्प्यात ७८ दिवसांची वर्गणी हवी आणि आधीच्या तिन्हीपैकी एकात ७८. रोजचा भत्ता म्हणजे दोन वर्षांची कमाई भागिले ७३०, त्याच्या निम्मे, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. महिना १६,००० धरला तर रोज २६३, एकूण २३,६७० च्या आसपास. ही योजना मुदतीची असते, म्हणून आधी ईएसआयच्या शाखेत तारीख विचारून घ्या.

आपल्या भागात अर्ज अडकतो तो नावावर. कर्नाटकातल्या आधारवर ज्ञानेश्वरचं स्पेलिंग ‘जे-एन’ने सुरू होतं, कंपनीच्या नोंदीत ‘डी-एन-वाय’ने. हे दोन जुळले नाहीत तर पैसे बँकेत पडत नाहीत. नोकरी चालू असतानाच कंपनीकडून ईएसआयची नोंद दुरुस्त करून घ्या. नंतर तिथे दाद लागणं कठीण.

प्रश्न : मी चंदगडचा, काम काकतीत, तेही कंत्राटदाराकडे. दाद कोल्हापुरात मागू का?

उत्तर : नाही. कारखाना बेळगाव जिल्ह्यात, म्हणून तक्रार बेळगावच्या कामगार कार्यालयात. कंत्राटी असलात तरी ईएसआयचा हक्क आहे. कंत्राटदाराने वर्गणी भरली नाही तर ती भरण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. तुमचा दहा अंकी विमा क्रमांक टाकून ईएसआयच्या पोर्टलवर महिनेवार दिवस तपासा. पगारातून कापलं आणि तिथे शून्य दिसलं, तर पगारपावती जोडून तक्रार करा.

प्रश्न : हातात पैसा नाही. पीएफ सगळा काढू का?

उत्तर : पेन्शनचा भाग तेवढा राहू द्या. दहा वर्षं भरली असतील तर तुम्हाला पेन्शनचा हक्क लागला आहे. कमी भरली असतील तर १०-सी फॉर्ममध्ये पैसे न मागता योजना प्रमाणपत्र मागा, म्हणजे पुढच्या नोकरीची वर्षं त्यात मिळतात. कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती पीएफच्या पोर्टलवर स्वतः टाकता येते.