गोदाकाठचा सिंह आणि जुनी प्रेमगीतं

प्रश्न : ताई, माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सकाळी मी रेडिओवर जुनी भावगीतं लावते, तर म्हणतो, "आई, तुला ही गाणी आवडतात ती तुझ्या कॉलेजच्या आठवणींमुळे. चंद्र, वारा, श्रावण, यात आता काय राहिलंय?" मला उत्तर सुचलं नाही. खरंच एवढंच असतं का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आठवणी असतात, ते नाकारू नका. पण आठवण एका पिढीबरोबर संपते, आणि काही गाणी संपत नाहीत. सातवाहन राजा हाल याच्या नावावरची 'गाथासप्तशती' घ्या. महाराष्ट्री प्राकृतातल्या या गाथांना दीड-दोन हजार वर्षं झाली. सातवाहन आपल्याला परके नाहीत; पांडवलेण्यांतल्या तीन नंबरच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आणि सप्तशतीतली एक गाथा तर आपल्या गंगेकाठची, म्हणजे गोदावरीकाठचीच.

एक देवभोळा गृहस्थ गोदेकाठच्या झाडीत फुलं तोडायला येतो. तिथल्या कुत्र्याची त्याला भीती वाटते. एक बाई त्याला सांगते, "महाराज, आता खुशाल फिरा. ते कुत्रं आज मेलं. गोदेकाठच्या जाळीत तो माजलेला सिंह राहतो ना, त्यानं मारलं." गाथा इथे संपते. कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाचं नाव ऐकल्यावर पुन्हा तिकडे फिरकेल का? आणि त्याला घालवायची तिला एवढी निकड का? कारण ती जाळी तिची भेटीची जागा आहे! प्रेमाचा शब्द नाही, प्रियकराचा उल्लेख नाही. आहेत ती नदी, जाळी, कुत्रं आणि सिंह. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोका'त ध्वनी, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ, समजावताना हीच गाथा उदाहरणाला घेतली. मी वर्गात ती सांगायचे तेव्हा क्षणभर कुणी बोलत नसे, मग एखादी मुलगी हसायची, आणि तिच्यामागून सगळा वर्ग. अर्थ फोडून सांगायची वेळ क्वचितच आली.

जी गाणी टिकली त्यांत निसर्ग शोभेला आलेला नाही. तोंडानं म्हणता येत नाही ते त्याच्यावर सोपवलेलं असतं, आणि उरलेली जागा ऐकणाऱ्यानं आपल्या आयुष्यातून भरायची. म्हणून तेच गाणं विशीत एक वाटतं आणि पन्नाशीत दुसरंच. शांताबाई शेळके यांचं 'तोच चंद्रमा नभात' आठवा, सुधीर फडक्यांच्या आवाजातलं. ते एका जुन्या संस्कृत श्लोकावरून सुचलेलं आहे. चंद्र तोच, चैत्रातली रात्र तीच, माणसंही तीच, आणि तरी पहिली ओढ उरलेली नाही. हे सरळ बोललं असतं तर घरात भांडण झालं असतं. चंद्र न बदललेला दाखवला, म्हणून काय हरवलंय ते कळलं.

चांदणं नुसतं यमकासाठी आणलेली गाणीही खूप झाली. ती विसरली गेली, बरंच झालं. तुमच्या मुलाची तक्रार त्यांच्याबद्दल असेल तर मी त्याच्या बाजूनं आहे.

त्याला मात्र आपल्या तात्यासाहेबांची, म्हणजे कुसुमाग्रजांची, 'पृथ्वीचे प्रेमगीत' ही कविता वाचायला द्या. १९४२ सालच्या 'विशाखा' या संग्रहात आहे. पृथ्वीचं सूर्यावर प्रेम आहे. पहाटे शुक्र तिच्या दारी उभा, मंगळ लाजून लाल झालेला, ध्रुव निराश होऊन उत्तरेला संन्यासी बनून बसलेला. यात कुठे खगोलशास्त्राला धक्का नाही: शुक्र पहाटे दिसतो, मंगळ तांबूसच, ध्रुव जागचा हलत नाही. ती सगळ्यांना नकार देते, कारण काजवे गळ्याशी घेण्यापेक्षा तिला सूर्याचं दूर असणं सोसवतं. पृथ्वीची कक्षा तुमच्या मुलाला शिकवली असेलच. जवळ जाता येत नाही, सोडूनही जाता येत नाही, असं प्रेम कवीनं तिच्यात पाहिलं. नाशिकमध्ये राहून ही कविता कुणी वाचली नसेल तर मला मनापासून वाईट वाटतं.

घरात पुस्तक नसेल तर सार्वजनिक वाचनालयात पाहा. कविता मोठ्यानं वाचायला सांगा, चाल तिच्या शब्दांतच आहे. रेडिओही सुरू ठेवा. फक्त गाणं चालू असताना त्याला अर्थ सांगत बसू नका.