आंबोलीत ओढ्याकाठच्या फांदीवर दोन दिवस न हललेला साप आजारी असेल का?

आजारी नाही, शिकारीला बसलाय. तुम्ही लिहिलंय तसं तिकोनी डोकं, बारीक मान आणि हिरव्या अंगावर तपकिरी नक्षी असेल, तर तो मलबारी चापडा. दबा धरून भक्ष्याची वाट बघणं हीच त्याची शिकारीची पद्धत. तो निशाचर आहे, त्यामुळे दिवसा तर अगदीच सुस्त. नक्षीवरून ओळख पटते म्हणून सांगतो, एकच चापडा त्याच झुडपावर कितीतरी दिवस मी पाहिलाय.

पावसाळ्यात ओढ्याकाठी बेडूक भरपूर, मग त्याने हलावं कशाला? पाली-सरडे, उंदीर, लहान पक्षीही त्याला चालतात. डोळा आणि नाकपुडीच्या मधे एक खळगा असतो, त्याने उष्णता जाणवते. काळोखात उंदीर त्याला कळतो तो त्यामुळेच. बेडकाचं अंग मात्र भोवतालाइतकंच थंड, तिथे बेडकाची हालचालच उपयोगी पडते. शेपटीने फांदीला विळखा घातलेला असतो, म्हणून झेप घेतली तरी तो खाली पडत नाही.

शेजारच्या झाडावर पिवळा किंवा पार तपकिरी साप दिसला, तर तोही मलबारी चापडाच असू शकतो. एकाच जातीत इतके रंग असतात की नवख्याला त्या वेगळ्या जाती वाटतात. थॉमस जर्डनने १८५४ मध्ये या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं. जगात ती फक्त पश्चिम घाटातच सापडते. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते.

विषारी आहे का, तर हो. चावला की भयंकर दुखतं, सूज चढते; जीव जाणं मात्र फार दुर्मिळ. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून बनते. चापड्याच्या विषावर तिचा भरवसा धरता येत नाही, डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. म्हणून चिरा पाडणं, करकचून दोरी बांधणं असले प्रकार न करता सरळ दवाखाना गाठायचा.

चांगला फोटो मिळावा म्हणून काडीने ढोसणारे, फांदी वाकवणारे हौशी लोक बघितले की माझं डोकं फिरतं. त्याला आहे तिथेच राहू द्या. आणि रात्री ओढ्याकाठी चालताना बॅटरी नुसती पायाखाली मारू नका, फांद्यांवरही मारा. चढणीवर आधाराला न बघता झुडूप धरू नका.