जुन्या घरात सापडलेली काडतुसं: आधी काय बघावं

सगळ्यात आधी ओळखायचं ते मोठं: तोफगोळा, हातबॉम्ब किंवा ओळखू न येणारी जड वस्तू. तिला हात लावू नका, पोलिसांना कळवा. आत काही नाही असं गृहीत धरू नका.

लहान काडतुसांचं बूड पाहा. मधोमध गोल टोपी असेल तर सेंटरफायर (ठिणगीचा मसाला मधल्या टोपीत), बूड सपाट असेल तर बहुधा रिमफायर (मसाला बुडाच्या कडेत). कडेतून बारीक खिळा बाहेर आलेला असेल तर पिनफायर. त्या खिळ्यावर ठोका बसला की बार उडतो, म्हणून अशी काडतुसं मऊ कापडात सुटी सुटी ठेवा. बुडावरची अक्षरं तिरप्या उजेडात वाचा. ती बहुतेकदा कारखाना आणि वर्ष सांगतात. ब्रिटिश .३०३ या रायफलच्या काडतुसावर रोमन सात (VII) दिसला तर तो मार्क, म्हणजे नमुन्याचा क्रमांक आहे, साल नव्हे. इथे नवखे हमखास फसतात. अक्षरं नसतील तर कॅलिपरने (जाडी-व्यास मोजायच्या साधनाने) गोळीचा व्यास, पुंगळीची म्हणजे काडतुसाच्या नळीची लांबी आणि बुडाच्या कडेचा व्यास मोजा.

घासूपुसू मात्र नका. पॉलिशने ठसा झिजतो, अमोनिया असलेलं असेल तर पितळ तडकतं, आणि संग्राहक चकचकीत माल बघून भाव पाडतात. गोळी उपसून काढायच्या फंदात तर मुळीच पडू नका.

किंमत खरी असते डब्यात. सीलबंद पाकीट, वाचता येणारं लेबल यांना मागणी. सुटं लष्करी काडतूस सहसा किरकोळ. विकण्याआधी परवान्याचा नियम विचारा, कारण जुनं म्हणून भरलेलं काडतूस कायद्यातून सुटतंच असं नाही.