खरी थंडी हवी असेल तर डोंगरावर नको, माळशेज चढून जुन्नरकडे जा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला कल्याण, जानेवारीत शुक्रवार ते रविवार जोडून सुट्टी, सोबत सत्तरीचे आई-बाबा आणि सात वर्षांची मुलगी, गाडी घरची, आणि 'एकदा तरी कुडकुडायला लावणारी थंडी' हवी आहे. तर महाबळेश्वर की माथेरान?

माझ्या मते दोन्ही नको. माळशेज ओलांडा आणि ओतूर-जुन्नर-नारायणगाव या पट्ट्यात दोन रात्री काढा. माझं आजोळ ओतूरकडचं आहे, तेव्हा थोडा पक्षपात धरून चाला. पण आजोळ दुसरीकडे असतं तरी थंडीसाठी मी हेच सांगितलं असतं.

आपल्याकडची थंड हवेची ठिकाणं मुळात उन्हाळ्यासाठी वसवलेली. एप्रिल-मेमध्ये मुंबई-पुण्याच्या उकाड्यातून सुटायला साहेब तिथे जायचा. म्हणून आपल्या डोक्यात 'उंच म्हणजे थंड' हे पक्कं बसलंय. दिवसा ते खरंही असतं. हिवाळ्यातल्या रात्री मात्र गणित उलटतं. आकाश निरभ्र, हवा कोरडी, वारा पडलेला, अशा वेळी जमीन दिवसभराची ऊब झपाट्याने सोडून देते, तिला टेकलेली हवा गार होते, जड होते आणि उतारावरून घरंगळत खोलगट भागात जाऊन साचते. त्यामुळे पहाटे डोंगरमाथ्यापेक्षा खालचं नदीकाठचं शिवार जास्त गारठलेलं असतं. दर हिवाळ्यात राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत निफाडचं नाव असतं, ते यामुळेच. निफाड काही डोंगरावर नाही, गोदावरीच्या खोऱ्यातलं सपाट गाव आहे. महाबळेश्वरातसुद्धा हिमकण दिसल्याची बातमी येते ती वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागातून. बाजारपेठेत त्याच पहाटे चांगले दोन-चार अंश जास्त असतात.

माथेरानचं म्हणाल तर ते घाटमाथ्याच्याही अलीकडे, कोकणाच्या बाजूला एकटंच उभं आहे. समुद्राकडची हवा तिथवर पोचते. जानेवारीत हवा सुरेख असते, पण एका स्वेटरात भागतं. शिवाय गाडी दस्तुरी नाक्याला सोडावी लागते. पुढे मिनी ट्रेनची शटल, घोडा, रिक्षा किंवा पायपीट. आई-बाबांचं सामान आणि गुडघे दोन्ही सांभाळत तुम्ही ते करणार का, हे तुम्हीच ठरवा. महाबळेश्वरला कल्याणहून जायचं तर सहा-सात तास धरावेच लागतात, म्हणजे तीन दिवसांतले दोन गाडीत. स्ट्रॉबेरीसाठी जायचं असेल तर जरूर जा, हंगाम ऐन भरात असतो. थंडीसाठी इतकं लांब जायची गरज नाही.

जुन्नर समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटरवर, सह्याद्रीच्या पूर्वेला, कुकडी-मीना-पुष्पावतीच्या खोऱ्यांत. समुद्राची दमट हवा घाटाची भिंत अडवते, आणि रात्री सगळा गारठा खाली नदीकाठी उतरतो. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट नव्वदएक किलोमीटर, तिथून ओतूर तासाभराच्या आत. शुक्रवारी सकाळी सातला निघालात तर जेवायच्या आधी निवांत पोचाल. (माळशेजचे धबधबे आता शोधू नका, ते पावसाळ्यात. घाट चढून आल्यावर पिंपळगाव जोगा धरणाचा फुगवटा मात्र भरलेला असतो. तिथे बाजूला गाडी लावा, मुलीला पाणपक्षी दाखवा.)

मी 'गुरुवारी रात्रीच निघू आणि पहाटे पोचू' याच्या पूर्ण विरोधात आहे. जानेवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. घाटावर आल्यावर रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या असतात, एकामागे दोन-दोन जोडलेल्या, आणि कित्येकांना मागे दिवा नसतो. अंधारात त्या दिसतात तेव्हा फार जवळ आलेल्या असतात.

मुक्काम निवडताना बहुतेकांची गल्लत होते. जाहिरातीत 'हिलटॉप व्ह्यू' दिसला की आपण भाळतो. तुम्हाला हवंय शेतातलं, नदी किंवा धरणाच्या बाजूचं, तळमजल्यावर खोल्या असलेलं घरगुती ठिकाण. फोनवर स्विमिंग पूल आहे का हे विचारू नका, 'सकाळी सहाला अंघोळीचं पाणी कशावर तापतं?' हे विचारा. 'सोलर आहे' असं उत्तर आलं तर पुढचं विचारा, कारण रात्रभरात सोलरचं पाणी कोमट होतं आणि सत्तरीच्या माणसाला त्या थंडीत कोमट पाणी म्हणजे शिक्षाच. बंब किंवा गीझर आहे म्हणाले तर पुढचं बोला. मग संडास कमोडचा आहे का, खोलीला लागून आहे का, माणशी किती रजया मिळतील. तंबूचे पॅकेज कितीही गोड वाटले तरी नको: पहाटे दंवाने कापड आतून ओलं होतं आणि रात्री शौचाला बाहेर पडावं लागतं. आणि शेकोटी अंगणातच. खोली गरम करायला म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊन दारं-खिडक्या लावायचा विचार कुणी मांडला तर ठाम नाही म्हणा, त्यातून निघणाऱ्या, वासही न येणाऱ्या विषारी वायूने झोपेत माणसं दगावतात.

शनिवारी पहाटे साडेसहाला सगळ्यांना उठवा, कुरकुर करतील तरी. तुम्ही ज्यासाठी आलात ती वेळ हीच, नऊ वाजता ऊन तापलं की थंडी संपली. विहिरीच्या पाण्यातून वाफा निघताना दिसतात, कांद्याच्या पातीवर दंव असतं, बोलताना तोंडातून धूर येतो (मुलीला याचं फार अप्रूप वाटेल). नारायणगावच्या बाजूला मुक्काम असेल तर द्राक्षबागा बघा. पारा फार उतरला की मणी तडकण्याची धास्ती असते. मग बागायतदार बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवून धूर करतात आणि पहाटे विहिरीचं पाणी सोडतात, कारण ते बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असतं. आपण ज्या थंडीची मजा घ्यायला जातो ती कुणाचा वर्षाचा माल घालवू शकते, हे मुलीच्या कानावर पडलं तर बरंच. काळी द्राक्षं तयार झाली असतील तर बागेतूनच घ्या, महिना सरत आला की शक्यता वाढते.

फिरायचं किती? कमी. ओझरचा विघ्नहर सपाटीवर आहे, गाडी जवळ जाते, तो आई-बाबांसाठी. लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. अष्टविनायकांतला हा एकच बौद्ध लेण्यात बसलेला गणपती, पण बाबांना श्वासाचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर खालूनच हात जोडलेले चालतात. शिवनेरीला सात दरवाजे, पायऱ्या बांधलेल्या आणि सोप्या. १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला ती जागा मुलगी शाळेत शिकण्याआधी डोळ्यांनी पाहील. आई-बाबा पहिल्या एक-दोन दरवाजांपर्यंत येऊन उन्हात बसले तरी त्यांची सकाळ चांगली जाते.

एकच ठिकाण करायचं असेल तर मात्र नाणेघाट. जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी जवळपास घाटाच्या तोंडापर्यंत जाते. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांतून जुन्नरच्या बाजारपेठेकडे माल चढायचा तो याच खिंडीतून. तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकायचे असं सांगतात. थोडं खाली उतरलं की गुहा लागते. आत भिंतीवर नागनिका या सातवाहन राणीच्या काळातला ब्राह्मी लेख: केलेले यज्ञ, दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणं (तेव्हाची नाणी), सगळा हिशोब आकड्यांसकट. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता वरती कोरलेली नावं आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. गुहेकडची उतरण खडबडीत आहे, तिथे आई-बाबांना नेऊ नका. वरच्या कड्यावरून दिसतं ते मात्र त्यांना दाखवाच. खाली पसरलेला मुलूख मुरबाडचा, वैशाखऱ्याचा, म्हणजे आदल्या दिवशी तुम्ही ज्या रस्त्याने आलात तोच. दुपारी चारच्या सुमारास जा आणि उजेड असताना परता, वारा झोंबतो, तेव्हा कानटोप्या हव्यात.

उजेड असताना परत या, हे मी बिबट्यासाठीही सांगतोय. जुन्नर तालुक्यात उसात बिबटे राहतात, ही अफवा नाही, रोजचं जगणं आहे. माणिकडोहला वनखात्याचं बिबट्या निवारा केंद्रच आहे. घाबरून बेत रद्द करायचं कारण नाही. पण अंधार पडल्यावर मुलीला अंगणाबाहेर एकटी सोडायची नाही आणि 'चांदण्यात उसाच्या बांधावरून चक्कर मारू' असल्या कल्पना काढायच्या नाहीत. यजमान स्वतःच सांगतील, त्यांचं ऐका.

जेवणात मासवडी सांगून ठेवा, आदल्या दिवशीच, कारण ती खटपटीची असते. नावात मासा असला तरी शुद्ध शाकाहारी. बेसन घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापतात, वर तीळ, सुकं खोबरं, भाजलेला कांदा, लसूण यांचं सारण पसरतात, फडक्यानेच गुंडाळून माशाच्या आकाराची वळकटी दाबतात आणि आडव्या वड्या कापतात. सोबत काळ्या मसाल्याचा तिखटजाळ रस्सा नि बाजरीची भाकरी. मुलीसाठी रस्सा वेगळा, कमी तिखट करायला सांगा, नाहीतर तिच्या वाट्याला नुसती वडी येईल (तीही वाईट नाही). बेत संक्रांतीच्या आसपास बसला तर भोगीला तिथे असायचा प्रयत्न करा: तीळ लावलेली भाकरी आणि हरभरा, पावटा, गाजर, वांगं घातलेली मिसळीची भाजी. एखादं गुऱ्हाळ चालू दिसलं तर थांबून गरम काकवी चाखा.

तारीख ठरवताना २६ जानेवारीला जोडून येणारा शनिवार-रविवार टाळा. थंडीची मात्र हमी कुणी देत नाही. उत्तरेकडून कोरडे वारे सुरू असले की पारा उतरतो, बंगालच्या उपसागराकडून दमट हवा आली, ढग आले, की रात्री उबदार होतात. निघायच्या तीन-चार दिवस आधीपासून पेपरात नाशिक-निफाडचं किमान तापमान बघत राहा. ते घसरत असेल तर जुन्नरकडेही गारठा आहे असं समजा. जमलं तर यजमानांशी बोलताना 'आठवडा पुढे ढकलला तर चालेल का' हे आधीच विचारून ठेवा, घरगुती ठिकाणं सहसा ऐकतात.

तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी अलिबाग सुचवलंय. थंडी मिळणार नाही, पण त्या दिवसांत रायगडात पोपटी लागते: मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरून, भामरुडाचा पाला दाबून, भोवती पेंढा पेटवून भाजलेली. त्यासाठी जायचं तर जा, स्वेटर घरी ठेवून. भिगवणचे रोहित पक्षीही (फ्लेमिंगो) सुंदर, पण कल्याणहून लांब, आणि पाऊस चांगला झालेल्या वर्षी तिथलं उजनी धरण तुडुंब असतं. रोहितांना उथळ पाणी लागतं, म्हणून अशा वर्षी ते उशिरा दिसतात, तेव्हा फेब्रुवारी-मार्च बरा.

आई-बाबांसाठी लोकरीचे मोजे आणि कानटोप्या घ्या, एक जाड जाकीट घेण्यापेक्षा दोन पातळ स्वेटर, कारण दुपारी बारा वाजता तिथेही चांगलं ऊन लागतं आणि सगळं काढावंसं वाटतं. रविवारी जेवून दोनच्या आत निघा, म्हणजे घाट उजेडात उतराल आणि मुरबाड-कल्याणची संध्याकाळची गर्दी थोडी तरी चुकेल.